काठावर मांडलेले बूट

“हे बूट कुणासाठी मांडल्यात?” सिदूनानांनी विचारलं.

“माझ्यासाठी,” सुहास वणकुद्रे म्हणाला.

“तुम्ही तर हितं उभं हायसा.”

“आत्ता नाही हो. पोहून बाहेर आल्यावर लागतात. आलो की पाय आत, पट्टा ओढला, सायकलवर टांग.”

नाना बुटांकडे बघत राहिले. सायकलचे बूट होते ते, तळाला खिळी असलेले. पट्टे उघडून, तोंडं फाकवून, आत पांढरी पावडर टाकून ठेवले होते. ओला पाय सरकन आत जावा म्हणून पावडर.

“तोंड गावाकडं का?”

“बाहेर आल्यावर वळायला लागू नये म्हणून.”

“कुणाला?”

सुहास हसला. मलाही हसू आलं, तेव्हा. म्हातारी माणसं एकच गोष्ट दोनदा विचारतात, त्यातला प्रकार वाटला.

नाना हसले नाहीत…

धरणाच्या मागच्या पाण्याला आमच्या गावाजवळ एक दगडी उतार आहे. पूर्वी तिथं होडी लागायची. सिदूनाना भोई यांनी चाळीस वर्षं ती होडी चालवली. पुढं पूल झाला आणि होडी उपडी पडली ती पडलीच. नानांचं दुसरं काम मात्र सुटलं नाही. पाण्यात कोणी बुडालं की पोलीस गळ टाकून, बोटी फिरवून दमायचे आणि शेवटी नानांच्या खोपटाशी यायचे. नाना उतरायचे आणि घेऊन यायचे. त्यामुळे आजूबाजूची माणसं त्यांना महाराज म्हणत. कोणी पाया पडायला लागलं की नाना पाय मागं घेऊन म्हणत, “मी मढी काढणारा मानूस. माझ्या पाया पडायची येळ कुनावर यिऊ ने.”

मी एसटीत कंट्रोलर होतो. निवृत्त झाल्यापासून सकाळी त्या उतारापर्यंत फिरायला जातो आणि नानांच्या शेजारी बसतो. नाना बोलले तरी बरं, नाही बोलले तरी बरं. आयुष्यभर कोण आलं आणि कोण गेलं एवढंच बघितल्यामुळे माझं लक्ष त्याच गोष्टींकडे जातं. हे सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे ते मी कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं आहे.

सुहास शहरातला. घर उतारापासून अठरा किलोमीटर. फाउंड्रीचा मालक, वय एक्कावन्न. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा लग्नात कोणीतरी त्याचा बाजूनं फोटो काढला. त्यात शर्टाची दोन बटणं पोटावर ताणलेली दिसली आणि त्या दिवसापासून हा पळत सुटला. लोक पन्नाशीनंतर देवाला लागतात, हा घड्याळाला लागला. चार किलोमीटर पोहायचं, लगेच एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, लगेच बेचाळीस किलोमीटर पळायचं, अशी एक शर्यत त्यानं डोक्यात घेतली. ऐकूनच मला तहान लागली होती.

गेल्या वर्षी तो शर्यतीत उतरला होता. तीनशे मीटरवर त्याचा श्वास कोंडला, हातपाय गोठले, आणि त्याला बोटीत ओढून घेतलं. काठावर त्याच्या फाउंड्रीतली चार माणसं टाळ्या वाजवायला आली होती. तो ते विसरला नव्हता.

म्हणून तो नानांकडे आला.

“पाण्याची भीती घालवा, नाना. एवढंच शिकवा.”

“ती कशाला घालवताय? तेवढीच एक गोष्ट तुमच्यासंगं परत येत्या.”

“मला नोव्हेंबरात शर्यत पुरी करायची आहे.”

“कुणासाठी?”

सुहासनं पाण्याकडे बघितलं…

नानांनी पहिल्या दिवशी त्याला छातीभर पाण्यात उभं केलं.

“उभं ऱ्हावा.”

“किती वेळ?”

“कंटाळा यीस्तवर.”

“आणि कंटाळा आल्यावर?”

“मग आनी थोडं.”

सुहास चार मिनिटं उभा राहिला. त्यातली दोन घड्याळाकडे बघण्यात गेली. मग म्हणाला, “नाना, यात सराव काय होतो?”

नानांनी हळूहळू त्याला पाठीवर तरंगायला लावलं, कान पाण्यात बुडवून पडायला लावलं. तो चिकाटीचा होता, नाही म्हणणार नाही. दोन महिन्यांत तो पलीकडच्या बांधापर्यंत जाऊन येऊ लागला. रोज पहाटे चारला उठायचं, सहाला पाण्यात, मग सायकल मारत घर. येताना सायकल गाडीच्या पाठीमागे अडकवून आणायचा, गाडी गावात ठेवायचा आणि संध्याकाळी ड्रायव्हर येऊन ती घेऊन जायचा. पैसेवाल्याचं दुखणंसुद्धा ऐटीत असतं.

एक गोष्ट त्याला खटकायची. नाना त्याला पाव्हणं म्हणायचे.

“नाना, माझं नाव सुहास.”

“ठावं हाय.”

“मग नावानं हाक मारा की.”

“काठावर उभ्या मानसाला नावानं हाक मारत न्हाईत.”

ही रीत मला माहीत होती. आमच्याकडे कोणी बुडालं आणि सापडेना, की घरून त्याच्या चपला आणतात. पाण्याच्या कडेला, गावाकडे तोंड करून मांडतात. मग नाव घेऊन तीन वेळा हाक मारतात. एक दिवस जातो, कधी दोन. मढं त्या चपलांपाशी येऊन लागतं. सापडलं की ज्यानं चपला मांडल्या त्यानंच त्या उपड्या घालायच्या. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मी हे दोनदा पाहिलं आहे. कसं येतं ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही.

नानांनी त्या दिवशी हे सगळं सुहासला सांगितलं. तो मानेला व्हॅसलीन लावत ऐकत होता.

“नाना, याला ट्रान्झिशन म्हणतात. पाण्यातून सायकलवर जायचा वेळ. जगभर असेच बूट मांडतात.”

“जगभर मांडत असतील. पर हितं पानी हे हाय.”

“म्हणजे?”

“हे पानी शिकल्यालं हाय. चाळीस वर्सं मीच शिकवलंय त्याला. चपला दिसल्या की त्यांचा मानूस आणून द्यायचा.”

“पण मी बुडालेलो नाही ना.”

“ते तुम्हाला ठावं. पान्याला काय ठावं?”

सुहासचा व्हॅसलीनचा हात थांबला. क्षणभर मला वाटलं, पटलं याला.

“मग काय करू?”

“बूट उलटं मांडा. तोंड पान्याकडं. परत आलासा की फिरवून घ्या.”

सुहासनं मनातल्या मनात काहीतरी हिशोब केला.

“सहा सेकंद जातील,” तो म्हणाला. आणि बूट होते तसेच ठेवून पाण्यात उतरला.

नानांनी बुटांना हातही लावला नाही. मांडलेल्याला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो.

ऑगस्ट सरताना तो एका सकाळी बाहेर आला, उजवा पाय बुटात घातला आणि थबकला.

“कंट्रोलर, माझ्या बुटांत पाणी कोणी ओतलं?”

मी उठून बघितलं. आतल्या पावडरीचा चिखल झाला होता. अजून न घातलेल्या डाव्या बुटात तर पायाच्या पाच बोटांचे ठसे उमटले होते.

“कोणी आलं नाही इथं,” मी म्हणालो. “आम्ही दोघंच आहोत.”

“दव असेल,” सुहास म्हणाला आणि पट्टे ओढून निघून गेला. आजूबाजूचे दगड कोरडे होते.

मी नानांकडे बघितलं. नाना पाण्याकडे बघत होते…

पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतःहूनच सांगितलं, “नाना, पोहताना मागून कोणीतरी तळव्याला बोट लावतं.”

“मासा असेल,” मी म्हणालो. मला ते मासाच असायला हवं होतं.

“मासा नाही हो. शर्यतीत होतं असं. मागचा माणूस पुढच्याच्या पायाला चिकटून पोहतो. पुढच्यानं पाणी कापलेलं असतं, मागच्याला फुकट ओढ मिळते. हात लांबवला की त्याची बोटं तळव्याला लागतात.”

“मग तो मागचा करतो काय?” नानांनी विचारलं.

“दम राखतो. आणि शेवटी पुढं जातो.”

“गेला?”

“कोण?”

नाना त्याच्याकडे वळले.

“मागं कोन हाय ते वळून बगितलंसा का?”

“वळलं की लय तुटते, नाना.”

त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. भीती खरोखरच गेली होती. ते बघून मला मात्र भीती वाटायला लागली, खोटं कशाला बोलू.

मग आवाज सुरू झाला. सुहास पाण्यात असायचा, लांब, नारळाएवढं डोकं दिसायचं. आणि इकडे उतारावर टक… टक… टक. सायकलचे बूट घालून दगडावर चाललं की होतो तसा. आम्ही वळून बघायचो. बूट जागेवर असायचे. फक्त तोंडाशी ओले.

पहिल्यांदा तो आवाज सुहास बाहेर यायच्या जरा आधी आला. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं आधी. त्यानंतर दहा. गाड्यांच्या वेळा बघायची सवय, त्यामुळे हे माझ्या लक्षात आलं. मी नानांना म्हणालो, “रोज लवकर येतंय.”

“सराव करतंय त्येबी,” नाना म्हणाले.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सुहासची बायको आली. शैलजाताई. शांत बाई. थर्मासमध्ये चहा आणला होता, दोन चिनी मातीचे कप रुमालात गुंडाळून. आम्हाला नमस्कार करून त्या उतारावर बसल्या.

“पाण्यातून आले की थंडी वाजत असेल,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, आज इथंच चहा घेऊ.”

“ह्ये रोज घरी घेत न्हाईत?” नानांनी विचारलं.

“घेतात की. उभ्यानं, घड्याळ चार्जिंगला लावता लावता.” त्या हसल्या, पण हसू फार टिकलं नाही. “तीन वर्षं झाली, नाना. सकाळचा चहा एकत्र बसून झालेला नाही. मी एकदा विचारलं, दहा मिनिटं बसता का? तर म्हणाले, शर्यत झाली की बसू.”

सुहास आला. पाण्यातून उठला तोच पळत. बायको कप पुढं करून उभी राहिली. तो तिच्या बाजूनं गेला, बुटात पाय घातले, सायकलचा टोप डोक्यावर, सायकल हातात.

“एक मिनिट एकोणचाळीस!” तो आनंदानं ओरडला. “शैला, घरी ये, मी पोचतो!”

गेला. शैलजाताईंनी तो कप आमच्यापुढं ठेवला. दुसरा त्यांनी भरलाच नाही. चहात आलं होतं, वेलदोडा होता. मला तो गोड लागला नाही.

जाताना त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, “पाण्यातनं एखादे दिवशी बसणारा माणूस बाहेर आला तर बरं होईल.”

हे त्या चेष्टेनं म्हणाल्या. पण नाना दचकून उभे राहिले.

“बाई, हितं तसं बोलू नका,” ते म्हणाले. “हे पानी ऐकतंय.”

दुसऱ्या दिवशी नानांनी सुहासला अडवलं. असं मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. ते चक्क वाटेत उभे राहिले.

“आज उतरू नका.”

“नाना, शर्यतीला पाच आठवडे राहिलेत.”

“मग बूट उपडं घाला.”

“परत तेच?”

“पाव्हणं, दम लागतोय का तुम्हाला?”

सुहासचा चेहरा उजळला. हाच प्रश्न त्याला हवा होता.

“नाही लागत! तेच सांगणार होतो. चार किलोमीटर करून येतो आणि दमच लागत नाही. घड्याळ बघा. परवा छातीचे ठोके मिनिटाला पन्नास. काल बेचाळीस. आज सकाळी तर काही दाखवतच नाही, पट्टा सैल असेल. एक्कावन्नाव्या वर्षी, नाना! पंचवीस वर्षांच्या पोरांना जमत नाही.”

नानांनी त्याचं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं…

“दम न लागणारी मानसं मी लई बगितल्यात,” ते म्हणाले. “त्यांना मीच काठावर आणलंय.”

सुहासनं हात सोडवून घेतला. त्याला राग आला होता. “भीती घालवायला सांगितली होती, नाना. घालायला नाही.” आणि त्यानं बूट मांडले. आज जरा जास्तच काळजीनं मांडले. पट्टे सरळ, पावडर भरपूर, तोंडं गावाकडे.

मग तो शेवटचा सोमवार. शर्यतीआधीचं शेवटचं पूर्ण अंतर. चार किलोमीटर, म्हणजे दीड तास. सहाला तो पाण्यात गेला. पाण्यावर धुकं होतं. वीसेक हातांनंतर तो दिसेना, फक्त पाणी मारल्याचा आवाज येत राहिला.

सहा वाजून पस्तीस मिनिटांनी मी खोपटात चहाचं आधण बघायला गेलो होतो. टक… टक… टक. मग सायकलचा स्टँड उचलल्याचा आवाज. मी बाहेर आलो तेव्हा सायकल वळणावर पोचली होती. ओली पाठ, टोप, तेच खांदे. मला वाटलं, आज अर्ध्यातून आला. मी हाकसुद्धा मारली, “काय, लवकर?” त्यानं मागं न बघता हात वर केला. आणि एक सांगतो, तो सावकाश चालला होता. सुहासला मी तसं सावकाश जाताना कधी पाहिलं नव्हतं.

मी उताराशी आलो. बूट नव्हते. दगडावर ओली पावलं होती, पाण्यापासून बुटांच्या जागेपर्यंत.

“नाना, गेला वाटतं,” मी म्हणालो.

नानांनी पाण्याकडे बोट केलं.

धुक्यातून आवाज येतच होता. छप… छप… छप. एका लयीत.

मी खाली बसलो.

साडेसातला सुहास बाहेर आला. पळतच आला, जागेवर पोचला आणि त्याचा उजवा पाय सवयीनं हवेत उचलला गेला. खाली बूट नव्हता.

“माझे बूट?”

त्यानं आजूबाजूला बघितलं.

“सायकल कुठं आहे? कंट्रोलर, सायकल कोणी नेली?”

“तुम्हीच नेलीत,” मी म्हणालो. माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही.

“काय बोलताय?”

“पंचावन्न मिनिटांपूर्वी. मी पाठ बघितली. तुमचीच होती.”

सुहास आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग खाली दगडावर बघितलं. ओली पावलं सुकत आली होती. त्यानं स्वतःचा पाय एका पावलावर ठेवून बघितला. बरोबर बसला.

“फोन द्या,” तो म्हणाला.

बायकोचा नंबर आठवायला त्याला वेळ लागला. पहिल्यांदा चुकीचा लागला, कोणीतरी वैतागून ठेवून दिला. दुसऱ्यांदा लागला. कानांत पाणी होतं म्हणून त्यानं आवाज मोठ्यावर टाकला, त्यामुळे आम्हीही ऐकलं.

“हॅलो, शैला, मी बोलतोय.”

“कोण?”

“मी. सुहास.”

तिकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

“कसली चेष्टा ही सकाळी सकाळी?” शैलजाताई म्हणाल्या. “हे इथं बसलेत.”

“कोण बसलंय?”

“कोण म्हणजे? हे. मघाशीच आले.” मग त्यांचा आवाज लांबून आला, दुसऱ्या कोणाशी बोलल्यासारखा. “अहो, कोणीतरी तुमच्या आवाजात बोलतंय.”

पलीकडे कोणीतरी हसलं. हळू. सुहासचंच हसू ते, फक्त घाई नसलेलं.

“शैला, ऐक माझं. त्याला बाहेर काढ. तो मी नाही.”

“हे बघा, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज भरून आला होता. “आज तीन वर्षांनी माणूस माझ्यासमोर चहाला बसलाय. परत फोन करू नका.”

फोन बंद झाला.

सुहासनं फोन माझ्या हातात दिला. त्याची छाती वर-खाली व्हायला लागली. तोंड उघडून तो श्वास ओढू लागला, ओढलेला पुरेना म्हणून पुन्हा ओढू लागला. आणि मग तो अनवाणी पळत सुटला. खडीवरून, गावाच्या रस्त्यानं. वळणापर्यंत गेला असेल.

नानांनी पायातल्या चपला काढल्या. टायरच्या, झिजलेल्या, पंधरा वर्षांच्या. त्या त्यांनी पाण्याच्या अगदी कडेला ठेवल्या, तोंड गावाकडे करून. पाण्याकडे पाठ केली आणि हाक मारली.

“सुहास!”

वळणावरचा माणूस अडखळला.

“सुहास!”

तो थांबला. वळला नाही.

“सुहास…”

तिसऱ्या हाकेला तो वळला. चालत आला. खडीनं पाय फुटले होते, रक्त येत होतं. पाण्याच्या कडेला येऊन तो नानांच्या चपलांत उभा राहिला. मी डोळे मिटून घ्यावेत असं मला वाटलं, पण मिटले नाहीत.

नानांनी त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती धपापत होती.

“दम लागला?”

“लागला,” सुहास म्हणाला आणि रडायला लागला. “लागला, नाना.”

“मग अजून हायसा.”

“मी काय करू? कंट्रोलर, तुमची स्कूटर द्या. नाहीतर गावातून गाडी काढतो. अर्ध्या तासात पोचतो.”

“चालत जावा,” नाना म्हणाले.

“अठरा किलोमीटर? तोवर तो…”

“तवर तो च्या पिऊन हुईल. बसू दे त्याला.”

“आणि पोचल्यावर? शैलानं ओळखलं नाही तर? तिला कसं कळणार, आमच्यातला कोण…”



नाना खाली वाकले. त्याच्या पायातल्या चपलांचे पट्टे त्यांनी बोटानं सारखे केले. मग कमरेवर हात ठेवून सावकाश उभे राहिले आणि गावाच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, “तिला कळंल. दारात गेलासा की दोघं समोरासमोर येशीला. दोघांत ज्याला घाई असंल, तो पान्यातला ठरंल.”